सात हट्टी आहे

तिसरीच्या वर्गात गणित तपासताना एक गोष्ट मला कायम खुपते. मूल उत्तर लिहितं आणि माझ्या चेहऱ्याकडे बघतं. माझी भुवई जरा हलली की लगेच खोडरबर. उत्तर बरोबर असलं तरी! गणिताची भीती म्हणतात ती बहुतेक वेळा बाईंचीच असते.

म्हणून गेल्या वर्षी चिंचोके आणले. १२ घ्या, सारख्या ओळी लावा. कुणी ३ ओळी लावल्या, कुणी ४, कुणी २. मग म्हटलं, आता ७ घ्या. जमेना. एक उरायचा, नाहीतर एक कमी पडायचा. "बाई, सात हट्टी आहे!" 'मूळ संख्या' हा शब्द मी त्या दिवशी काढलाच नाही. ११ हट्टी, १३ हट्टी... आणि ९ हट्टीच असणार म्हणून सगळे बिनघोर राहिले, तिथे फसले. यावेळी डोळे चिंचोक्यांवर होते, माझ्यावर नाही.

पहिल्या दिवशी मात्र फजितीच झाली होती. मोठे गट केले, दोन चुणचुणीत पोरांनी शोध लावून टाकला आणि बाकीचे बघत बसले. त्यापेक्षा फळा बरा. आता दोघांत एक मूठ.

पण 'सगळंच मुलांना शोधू द्या' हे काही मला पटत नाही. पंचवीस बोलताना पाच आधी, लिहिताना दोन आधी. यात शोधणार काय? हा भाषेचा रिवाज. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'वीस पाच' असंही वाचन आलं, तेव्हा केवढी टिंगल झाली! गणितज्ञ मंगला नारळीकर कारणं समजावून सांगत होत्या, जोडाक्षरं, उलटा क्रम वगैरे, आणि आपण विनोद फॉरवर्ड करत होतो. (मीसुद्धा. एक.) रिवाज असेल तो सरळ सांगून टाकावा, सोपा करून सांगावा. शोधाचा तास त्यावर घालवू नये.

पाढ्यांशीही माझं भांडण नाही. सतरा त्रिक एक्कावन्न मला छडीच्या धाकाने पाठ झालं, अजून विसरले नाही.

परवा एक मुलगी ५१ चिंचोके घेऊन आली. "बाई, हा पण हट्टी." उत्तर जिभेवर आलं होतं, कसंबसं गिळलं. मधल्या सुट्टीत डबा तसाच टाकून ती व्हरांड्यात बसली. घंटा व्हायच्या आत मला हाताला धरून ओढत नेलं. सतरा-सतराच्या तीन लांबलचक ओळी, शेवटची पायरीवर उतरलेली.