दिवा ६० सेंटिमीटरवर

कोपनहेगनला बदली झाली? अभिनंदन. लोणचं न्या, थर्मल न्या, पण पैसा दाखवायची हौस इथेच ठेवून जा. डेन्मार्कमध्ये ‘यांटेचा कायदा’ नावाचा अलिखित दंडक आहे: आपण कुणी विशेष आहोत असं समजायचं नाही. म्हणजे सोनेरी नळ बाद, दारातले संगमरवरी सिंह बाद. मग पगार वाढलाय हे शेजाऱ्याला कळणार कसं? सोपं आहे. दिवा टांगा.

दिवा म्हणजे पीएच ५. डॅनिश डिझायनर पोल हेनिंगसेन यांनी तो १९५८ साली केला. कंपन्या बल्बचे आकार सारखे बदलतात म्हणून वैतागून त्यांनी असा दिवा काढला, की आत कुठलाही बल्ब लावा, उजेड डोळ्यांत जाणार नाही. जेवणाच्या टेबलापासून ६० सेंटिमीटरवर टांगायचा, टेपने मोजून. आणि खिडकीला पडदा नको. पडदा लावलात तर रस्त्यावरच्या लोकांना तुमचा साधेपणा दिसायचा कसा?

दिव्याखाली खुर्च्या, त्याही डॅनिश डिझायनरांच्या. हान्स वेगनर यांची वाय खुर्ची घ्या. बैठकीला सुमारे १२० मीटर कागदी दोरी हाताने विणलेली असते. किंवा बोर्गे मोगेनसेन यांची जे ३९. ही १९४७ साली सहकारी ग्राहक संघासाठी केलेली, कामगाराच्या घरात परवडावी म्हणून. नावच पडलं ‘लोकांची खुर्ची’. आज चार घ्यायच्या तर आधी बँकेतली शिल्लक बघा. लोक तेच आहेत, फक्त कामगार बदललेत.

कुणी विचारलं तर किंमत सांगायची नाही. ‘आजीची आहे’ म्हणायचं. तुमची आजी सांगलीची असली तरी हरकत नाही, पाहुणा पुढे विचारत नाही. तो फक्त तुम्ही चहा आणायला आत गेलात की खुर्ची तिरपी करून खालचा शिक्का बघतो. त्याला तेवढा वेळ द्या. चहा उकळू द्या.

कंपनी काढणार असाल तर कँटीनमध्ये आर्ने याकोबसेन यांची ‘मुंगी’ नावाची खुर्ची ठेवा. १९५२ साली नोव्हो या औषध कंपनीच्या कँटीनसाठीच ती केली होती. पाय तीन. याकोबसेन हयात असेपर्यंत चौथा पाय आला नाही. चमचा उचलायला वाकलेला अकाउंटंट कोलमडला, तर त्याला डिझाइनची जाण नाही असं समजावं.

नक्कल मात्र घेऊ नका, कीर्ती मिळते. १९६३ साली लंडनमध्ये ब्रिटिश मंत्र्याबरोबरच्या प्रकरणामुळे गाजलेल्या मॉडेल क्रिस्टीन कीलर यांचा खुर्चीवर उलटं, विवस्त्र बसलेला प्रसिद्ध फोटो निघाला, तो याकोबसेन यांच्याच दुसऱ्या एका खुर्चीच्या नकलेवर. खुर्ची जगभर ओळखीची झाली आणि त्यात मूळ कारखान्याची एकही खुर्ची खर्ची पडली नाही.

राहता राहिली भेटवस्तू. फुलदाणी न्या. केहलर या डॅनिश सिरॅमिक कंपनीने २०१४ साली १७५ वर्षं झाली म्हणून तांब्याच्या रंगाच्या पट्ट्यांची फुलदाणी काढली, तेव्हा या शांत, रांगेत उभ्या राहणाऱ्या देशात दुकानांवर झुंबड उडाली आणि वेबसाइट बंद पडली. देताना ‘काही विशेष नाही हो’ म्हणा. वस्तू दुकानात बदलून घेता यावी म्हणून खाली लावलेला स्टिकर काढू नका. यजमान सोमवारी दुकानात जातील, आणि किंमत काउंटरवरचा माणूस सांगेल.