काकू 'बाहेरची' आणि मावशी 'रक्ताची'? हा फॉरवर्ड आता पुरे

नात्यांच्या शब्दांवरचा एक लांबलचक मेसेज सध्या सगळ्या फॅमिली ग्रुप्सवर फिरतोय. सार असं: इंग्रजांकडे सगळ्यांना नुसतं अंकल-आंटी कारण त्यांच्यात मायाच नाही, प्रत्येक नात्याला वेगळा शब्द जगात फक्त आपल्याकडे, मम्मी म्हणजे प्रेत आणि डॅड म्हणजे मेलेला, आणि शेवटी कळस म्हणजे मावशी-आत्या रक्ताच्या म्हणून त्यांना स्वतःचा शब्द, काकू-मामी बाहेरून आलेल्या म्हणून त्यांचं नाव नवऱ्यावरून, तेव्हा आपलं कोण ते ओळखा. एरवी मी असलं वाचून सोडून देते. पण हा माझ्या काकूपर्यंत पोचला आणि तिने फोन करून विचारलं, "खरंच असं असतं का गं?" जिने मला स्वतःच्या पोरांच्या बरोबरीने वाढवलं तिच्यावर हे विचारायची वेळ यावी याचा मला संताप आलाय, म्हणून आधी त्याच मुद्द्याचं बघू.

काकू काकावरून आणि मामी मामावरून, इथपर्यंत ठीक. मग मावशीच्या नवऱ्याला मावसा आणि आत्याच्या नवऱ्याला आतोबा म्हणतात ते कशावरून? बायकोवरूनच ना? ज्याच्याकडून नातं लागतं त्याचा शब्द आधी, जोडीदाराचा त्यावरून, यात आपलं-परकं कुठून आलं! आणि रक्ताचाच नियम लावायचा तर वहिनी, जाऊ, सून यांचं आपल्याशी कुठलं रक्ताचं नातं असतं? तरी तिघींना अगदी स्वतंत्र शब्द आहेत. उलट चुलतभाऊ सख्ख्या काकाचा मुलगा, रक्ताचा, आणि त्याला मात्र चुलत्यावरून बनवलेला जोडशब्द. म्हणजे मेसेजचा नियम आपल्याच घरात टिकत नाही. लिहिणाऱ्याने दोन मिनिटं विचार केला असता तरी कळलं असतं, पण दहा जणांना पाठवायची घाई.

मुळात हे शब्द माया मोजायला बनलेलेच नाहीत. मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वेंनी १९५३ साली भारतातल्या नातेव्यवस्थेवर अख्खा ग्रंथ लिहिला, वेगवेगळ्या भाषांतले नात्यांचे शब्द गोळा केले, आणि त्यातून दिसतं ते हे की शब्दांचा संबंध लग्नाच्या नियमांशी असतो, कोणाशी लग्न चालतं, कोणाशी नाही. उत्तरेची पद्धत वेगळी, दक्षिणेची वेगळी, आणि महाराष्ट्र दोन्हींच्या मधोमध. आपल्याकडे जुन्या घरांतून सून सासूला आत्याबाई म्हणायची ना, ते उगाच नाही. मामाच्या मुलीशी लग्न चालायचं, म्हणजे त्या मुलीची सासू ही तिची सख्खी आत्याच असायची. पुढे आत्याकडे दिलेली नसली तरी शब्द तोच राहिला. आता यातून सासूवर माया किती होती हे कोणी काढून दाखवावं!

'जगात फक्त आपल्याकडे' हे तर धडधडीत खोटं. स्वीडिश भाषेत वडिलांचा भाऊ, आईचा भाऊ, वडिलांची बहीण, आईची बहीण अशा चौघांना चार वेगळे शब्द आहेत, आणि आईची आई वेगळी, वडिलांची आई वेगळी. आपण मराठीत दोघींना आजीच म्हणतो. मग आपली एका आजीवर माया कमी आहे असं म्हणायचं का? चिनी तर आपल्याही पुढे, वडिलांचा मोठा भाऊ आणि धाकटा भाऊ यांनाही वेगळे शब्द. आणि इंग्रजीतही एकेकाळी काका आणि मामा वेगळे होते, १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यावर त्यांची फ्रेंच आली आणि हळूहळू दोघांचा अंकल झाला. तेव्हा काय सगळ्या इंग्लंडची माया आटली होती?

मम्मी-प्रेतवाला मुद्दा थोडक्यात. इजिप्तची ममी हा शब्द फारसी-अरबीतून आलाय, मेण-डांबराच्या अर्थाचा. लेकरू म-म करतं तिथून आलेल्या मम्मीशी त्याचा काही संबंध नाही. असे आवाज कुठे कोणाला चिकटतील याचा नेम नाही, जॉर्जियन भाषेत तर 'मामा' म्हणजे बाप आणि 'देदा' म्हणजे आई. डॅडचंही तसंच, बाळाच्या तोंडचे आवाज, त्यात मेलेलं कोणी नाही.

एक मान्य करते, मनाविरुद्ध का होईना. आतेभाऊ, मामेभाऊ, मावसभाऊ म्हटलं की कोण कोणाकडचा ते एका शब्दात कळतं, नुसत्या 'कझिन'मध्ये ते हरवतं, आणि पोरं सरसकट अंकल-आंटी म्हणायला लागली की मलाही खटकतं. हे शब्द टिकावेत असं मनापासून वाटतं. पण त्यासाठी दुसऱ्यांना बिनमायेचे ठरवायची आणि घरातल्या काकू-मामींना परकं करायची काय गरज होती? तुमच्या ग्रुपवर हा मेसेज आला असेल तर पुढे ढकलू नका, आणि ज्याने टाकलाय त्याला तिथेच, सगळ्यांसमोर, वहिनी-जाऊ-सूनचा प्रश्न विचारा.