परवानगीचा फॉर्म भरणं हाही उपचारच
अमेरिकेतल्या बालरोग रेसिडेंटना, म्हणजे प्रशिक्षण घेणाऱ्या डॉक्टरांना, मॅनेज्ड केअरची (कोणत्या उपचाराचे पैसे द्यायचे हे विमा कंपनी ठरवते त्या पद्धतीची) ओळख तिसऱ्या वर्षी एखाद्या व्याख्यानातून करून दिली तरी पुरे, हे त्यांच्या प्रशिक्षणावरच्या लेखातलं म्हणणं मला अजिबात पटलं नाही. मी इथे न्यू जर्सीत रेसिडेंटना शिकवते. २०२४ च्या सुरुवातीला फ्लोव्हेंट हा दम्याच्या इनहेलरचा ब्रँड बंद झाला. तेच औषध जेनेरिक म्हणून मिळत होतं, पण बऱ्याच विमा योजनांच्या यादीत ते नव्हतं. दम्याचं चार वर्षांचं पोर स्पेसर (इनहेलरला जोडायची नळी) आणि गरज पडली तर मास्क लावूनच फवारा नीट घेऊ शकतं, पावडरचा इनहेलर त्याला सहसा पुरेसा जोरात ओढता येत नाही. हे विमा कंपनीकडून औषधाची परवानगी मागायच्या फॉर्मवर नेमकं लिहावं लागतं. व्याख्यान ऐकून ते जमत नाही. विमा कंपनीच्या डॉक्टरशी फोनवर स्वतः बोललं की जमतं.

आणि ईपीएसडीटीचा, म्हणजे मेडिकेड या कमी उत्पन्नाच्या लोकांसाठीच्या सरकारी विम्यात मुलांना असलेल्या तपासणी-उपचारांच्या हमीचा, लेखात उल्लेखच नाही! मेडिकेडवरच्या २१ वर्षांखालच्या मुलाला वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक उपचार मिळायलाच हवेत, ही केंद्रीय कायद्यातली तरतूद आहे. योजना खाजगी कंपनी चालवत असली तरी ती लागू होते. स्पीच थेरपी नाकारल्याचं पत्र आलं की नवे रेसिडेंट हात टेकतात, कारण अपिलात ही तरतूद मांडायची असते हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं.