अंगण वाकडंच राहू द्या

नाचता येत नसेल तर लाजू नका. नाच शिकायला वर्षं जातात, गुडघे दुखतात, वर क्लासची फी. अंगण वाकडं असल्याचं जाहीर करायला अर्धं मिनिट पुरतं. पथ्य एकच: वाकडं अंगण आपल्यापुरतं. शेजारी नाचताना पडला तर अंगण सपाट होतं, त्यालाच मुळात ताल नाही. आणि खरं सांगायचं तर त्यांच्या घराण्यातच कुणाला नव्हता.

सराव सिग्नलपासून सुरू करा. लाल दिवा तुम्ही तोडलात तर चौक रिकामा होता, मागचा हॉर्न वाजवून डोकं उठवत होता, शिवाय आईची औषधं न्यायची होती. दुसऱ्याने तोडला तर ‘लोकांना शिस्त म्हणून नाही’. त्याच्याही डिकीत त्याच्या आईची औषधं असू शकतात, पण डिकी बंद असते. आपल्याला दिसतो तो फक्त माणूस. दुसऱ्याची परिस्थिती सोडून त्याच्या स्वभावावर बोट ठेवण्याच्या या सवयीला मानसशास्त्रज्ञ ली रॉस यांनी १९७७ मध्ये ‘मूलभूत गुणारोपण दोष’ असं नाव दिलं. नावात दोष आहे म्हणून दचकू नका, तो इतरांचा.

तुम्ही गाडी उत्तम चालवता यात शंकाच नाही. ओला स्वेन्सन या संशोधकाने १९८१ च्या अभ्यासात अमेरिकी विद्यार्थ्यांना स्वतःच्या ड्रायव्हिंगबद्दल विचारलं, तर कौशल्यात ९३ टक्के जण वरच्या अर्ध्यात निघाले. अर्ध्या जागेत ९३ टक्के माणसं मावली कशी, असले प्रश्न काढू नका. संध्याकाळच्या कल्याण लोकलमध्ये मावतातच की.

निकालाच्या दिवशी जरा जास्त सावध राहावं लागतं, कारण त्या दिवशी नियम उलटे होतात. आपल्या मुलाला ९२ टक्के पडले तर ‘हुशारी आमच्याकडचीच’. शेजारच्याला पडले तर ‘क्लासला पैसा ओतलाय हो’. आपला घसरला तर पेपर अभ्यासक्रमाबाहेरचा होता आणि तपासणी कडक झाली. शेजारचा घसरला तर दिवसभर मोबाइल, दुसरं काय होणार? हे तुम्हाला कुणी शिकवलेलं नाही, तरी एकदाही चूक होत नाही. बर्ट्राम माले यांनी २००६ मध्ये १७३ अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा ‘आपल्याला परिस्थिती, दुसऱ्याला स्वभाव’ हा फरक सरसकट दिसेना. वाईट घडलं की तो दिसतो, चांगलं घडलं की चक्क उलटा होतो. म्हणजे तुम्ही तत्त्वाचे पक्के नाही, फायद्याचे पक्के आहात. क्रिकेटमध्ये नाही का, शनिवारी ‘आपण जिंकलो’ आणि रविवारी ‘हे हरले’!

आता मुख्य मुद्दा. आपण एखादी गोष्ट का केली हे आपल्याला ठाऊक नसतं, असं चुकूनही कबूल करू नका. लग्नाचा बस्ता बांधायला जा आणि बघा. गादीवर चाळीस शालूंचा ढीग पडलेला, सगळ्यांना भूक लागलेली, दुकानदाराने चहा दुसऱ्यांदा मागवलेला. त्या क्षणी हाताशी असतो तो शालू पसंत पडतो. घरी आल्यावर मात्र मावशी तासभर सांगते की पोत बघितलं, काठ बघितला, पदरावरची कुयरी बघितली. रिचर्ड निस्बेट आणि टिमथी विल्सन यांनी १९७७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात दुकानातल्या गिऱ्हाइकांपुढे नायलॉनच्या पायमोज्यांचे चार जोड मांडले होते, चारही तंतोतंत सारखे. सर्वांत उजवीकडच्या जोडाला ४० टक्के मतं, डावीकडच्याला १२. कारण विचारलं तर विणीची, दर्जाची चर्चा. मांडणीचा काही परिणाम झाला असेल का, असं विचारल्यावर जवळजवळ सगळ्यांनी साफ नाकारलं; विचारणाऱ्याचंच डोकं ठिकाणावर आहे का, अशा नजरेने काहींनी त्याच्याकडे पाहिलं. ती नजर आरशासमोर घोटून ठेवा, फार कामाला येते.

विद्वान दिसायचं असेल तर प्रश्न विचारणाऱ्या खुर्चीत बसा. रॉस यांनीच दोन सहकाऱ्यांबरोबर प्रश्नमंजूषेचा एक खेळ मांडला. विचारणार कोण आणि उत्तरं देणार कोण, हे सर्वांदेखत नशिबावर सोडलं होतं. विचारणाऱ्याने आपल्याला येणारे अवघड प्रश्न काढायचे, समोरच्याने अडखळायचं. शेवटी अडखळणाऱ्यालाच वाटलं की समोरचा आपल्यापेक्षा जास्त जाणतो, आणि बघ्यांचंही तेच मत पडलं. खुर्च्यांची अदलाबदल झाली असती तर काय, हे कुणाच्या मनातही आलं नाही. आपल्याकडे याच खेळात कांदेपोहे मिळतात. मुलाचे काका मुलीला विचारतात, ‘पुरणपोळी येते का? पुढे शिकायचा विचार आहे का?’ मुलगी अडखळते. काका घरी जाऊन म्हणतात, ‘बुजरी आहे.’ काकांना पुरणात गूळ कधी घालतात हे आजवर कुणी विचारलेलं नाही, म्हणून त्यांचा आत्मविश्वास शाबूत.

एवढं वाचेपर्यंत तुमच्या डोळ्यांपुढे साडू, जाऊ किंवा ऑफिसातला कुणीतरी आला असेलच. उत्तम. या दोषांची माहिती दिल्यावरही माणसं ते स्वतःपेक्षा इतरांत जास्त बघतात, हे एमिली प्रोनिन आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये दाखवलंय.

कुणी फारच खजील करू लागलं तर म्हैसूर काढा. जोन मिलर यांचा १९८४ चा अभ्यास शिकागोतल्या अमेरिकनांची आणि म्हैसूरच्या हिंदूंची तुलना करणारा आहे. त्यातला एक किस्सा: मोटरसायकलचा टायर फुटतो, मागे बसलेल्याचं डोकं आपटतं, चालवणारा वकील त्याला इस्पितळात पोचवून थेट कोर्टात जातो, पुढे जखमी दगावतो. अमेरिकी उत्तराचा सूर असा की वकील बेजबाबदार. म्हैसूरच्या उत्तराचा असा की पक्षकारासाठी कोर्टात हजर राहणं त्याचं कर्तव्यच, तो गोंधळलाही असेल, जखम एवढी गंभीर वाटलीही नसेल. आठ वर्षांच्या मुलांत दोन्हीकडे फारसा फरक नव्हता. वय वाढलं तसा तो वाढत गेला. तेव्हा छाती फुगवून सांगा की आपली संस्कृती माणसाची परिस्थिती समजून घेते.

फक्त ही सवलत सढळ हाताने वाटत सुटू नका. वकिलाला द्यावी, साहेबांना द्यावी, जावईबापूंना तर मागायच्या आत द्यावी. सोमवारी तुम्ही ऑफिसला कळवता, ‘मुलाला ताप आहे, आज घरून काम करते.’ साहेब म्हणतात, ‘काळजी घ्या.’ मंगळवारी कामवाल्या मावशी दारात उभ्या असतात.

‘वहिनी, काल पोराला ताप होता. दवाखान्यात नंबर लावून बसले, दुपार झाली.’

‘तुमचं दर महिन्याला काहीतरी असतंच, मावशी.’

इथे ‘या लोकांना कामच नको असतं’ हे वाक्य त्यांच्यादेखत म्हणू नये, दार लावून म्हणावं. महिनाअखेरीला खाड्याचे पैसे कापताना आवाज मऊ ठेवा: ‘मला काय बरं वाटतं का मावशी? पण बिल्डिंगमध्ये सगळेच कापतात. आमचाही नाइलाज आहे.’