ऑक्सफर्डचा गोळीबार ‘अचानक’ नव्हता

‘मिशिगनमधल्या ऑक्सफर्ड हायस्कूलच्या त्या मुलाचं डोकं एकाएकी फिरलं, कुणाला चाहूलच नव्हती’ हा सध्या फिरणारा दावा खोटा आहे.

३० नोव्हेंबर २०२१ रोजी १५ वर्षांच्या ईथन क्रंबलीने ४ विद्यार्थ्यांचा जीव घेतला. पिस्तूल वडिलांनी ४ दिवसांपूर्वीच त्याच्यासाठी घेतलं होतं. आदल्या दिवशी तो वर्गात फोनवर काडतुसं शोधताना दिसला. त्या सकाळी तर गणिताच्या कागदावर पिस्तुलाचं चित्र होतं, शेजारी लिहिलेलं: विचार थांबत नाहीत, मदत करा. याहून स्पष्ट काय हवं? आईवडिलांना शाळेत बोलावलं, पण त्यांनी त्याला घरी नेलं नाही. दप्तरही कुणी उघडलं नाही. पिस्तूल त्यातच होतं.

मुलाला पॅरोलविना जन्मठेप झाली. २०२४ मध्ये आईवडिलांनाही सदोष मनुष्यवधासाठी प्रत्येकी १० ते १५ वर्षांची शिक्षा सुनावली गेली.