तोफेचा नेम कोण धरत होतं?

दुसऱ्या महायुद्धातल्या महिलांवरच्या लेखात ब्रिटनच्या एटीएसमधल्या, म्हणजे लष्कराच्या महिला शाखेतल्या, महिलांचं काम स्वयंपाक, टंकलेखन आणि गाड्या चालवणं एवढ्यावरच आटोपलंय. १९४१ पासूनच्या स्त्री-पुरुषांच्या मिश्र विमानवेधी तुकड्या त्यात राहूनच गेल्या. महिलांनी तोफ डागायची नाही असा नियम, पण नेम त्यांच्याच हातात! ताशी ३०० किमी वेगाचं विमान २० सेकंदांत दीड किमीहून जास्त पुढे सरकतं, आणि उंचावर पोचायला गोळ्याला तेवढा वेळ लागू शकतो. म्हणून प्रेडिक्टर, म्हणजे गोळा पोचेपर्यंत विमान कुठे असेल ते काढणारं यंत्र. त्यावर एकीने दिशा, दुसरीने चढाचा कोन दुर्बिणीतून धरायचा आणि हातचाकं एका लयीत फिरवायची. चाकाला हिसका बसला की यंत्र विमानाची गतीच चुकीची धरतं, गोळा भलतीकडे जातो. उंचीमापकावरचा आकडा चुकला तर फ्यूजची, म्हणजे गोळा ठरल्या क्षणी फोडणाऱ्या यंत्रणेची, वेळही चुकते; मग गोळा विमानाच्या आधी किंवा नंतर फुटतो.