परवडणारी व्हिंटेज

आमच्या वाड्यात जिन्याखाली आजोबांची हंबर सायकल उभी असे. तिच्या पुढच्या चिमट्याला दोन्ही बाजूंना दोन-दोन नळ्या होत्या आणि पँडलच्या दातेरी चक्रात हातपाय ताणून पळणारी पाच माणसे कोरलेली होती. 1994 साली वाडा पाडायचे ठरले, तेव्हा मी ती भंगारवाल्याला 75 रुपयांना दिली. तो साठावर अडून बसला होता, म्हणून आठवण म्हणून काढून ठेवलेली पितळी घंटीही मी वरून त्याच्या पोत्यात टाकली. त्या वेळी अशा सायकलीला ‘जुनी’ म्हणत. आता तिला ‘व्हिंटेज’ म्हणतात, आणि या दोन शब्दांतले अंतर सुमारे चौदा हजार रुपये आहे, हे मला वयाच्या एकावन्नाव्या वर्षी स्वतःच्या खिशातून मोजून कळले.

निमित्त झाले ब्रेव्हेचे. ही फ्रान्सकडून आलेली लांब पल्ल्याची सायकलस्वारी आहे. तीत पहिला-दुसरा नंबर नसतो. ठरलेले अंतर ठरलेल्या वेळात कापायचे आणि वाटेतल्या ठाण्यांवर कार्डावर शिक्के घ्यायचे, एवढेच. 200 किलोमीटरला साडेतेरा तास मिळतात, 300 ला वीस, 400 ला सत्तावीस आणि 600 ला चाळीस. सायकल कोणती असावी यावर फारशी अट नाही. ती माणसाच्या बळावर चालली म्हणजे झाले. पुण्यातली बहुतेक मंडळी मात्र अशा सायकलींवर येतात की त्यांची किंमत ऐकल्यावर आपण आपोआप दोन पावले मागे सरकतो, आपला धक्का लागून त्या पडू नयेत म्हणून. माझे अंदाजपत्रक पाच हजारांचे होते. त्यामुळे जुन्या पोलादी सायकलीचा पर्याय मला एकाएकी तात्त्विकदृष्ट्या पटू लागला. लांब चाकांतर, मागे कललेला चिमटा, खड्डे गिळणारे जाड टायर, चिखल अडवणारे मडगार्ड, या सगळ्या गोष्टी लांबच्या प्रवासासाठीच तर आहेत, असे मी घरात बोलू लागलो.

“1891 साली पॅरिसहून ब्रेस्टला जाऊन परत यायची पहिली शर्यत झाली,” मी सौभाग्यवतींना सांगितले. “जवळजवळ बाराशे किलोमीटर. शार्ल तेरों नावाच्या गृहस्थाने ती 71 तास 22 मिनिटांत जिंकली. गिअर नाहीत, काही नाही. आणि कशावर जिंकली? हंबरवर!”

“बरोबर आहे. त्यांनी ती विकली नव्हती,” ती म्हणाली आणि भाजी निवडू लागली.

शोधाची सुरुवात रविवारी जुन्या बाजारात केली. तिथल्या पहिल्याच विक्रेत्याने मला अस्सल रॅले दाखवली. माथ्यावर बगळ्याचा पितळी बिल्ला होता आणि तो नुकताच चिंचेने घासल्यासारखा लखलखत होता. परंतु अस्सल रॅलेच्या दातेरी चक्रातही बगळ्यांची डोकी असतात, एवढा अभ्यास माझा झालेला होता. इथे चक्र लुधियानाचे, चाके सोनिपतची आणि चिमटा कोणत्या घराण्याचा ते सांगायला चिमटाही तयार नव्हता. मी हे नम्रपणे निदर्शनास आणून दिले. “साहेब, बिल्ला तर ओरिजिनल आहे ना?” असे विचारून त्याने साडेआठ हजारांचे आठ हजार केले.

पुढचे सहा आठवडे मी गॅरेजे, जिने, माळे आणि बंद पडलेल्या पिठाच्या गिरण्या पाहिल्या. एका पेठेतल्या वृद्ध गृहस्थांनी सायकल पाहायला चार ते पाच या वेळेत बोलावले आणि सव्वाचारपर्यंत माझीच चौकशी केली. नगरपालिकेला सायकलीचा कर भरल्यावर दर वर्षी जो बिल्ला मिळे, त्या बिल्ल्यांची अख्खी माळ त्यांनी तारेत ओवून जपली होती. ती त्यांनी हाताळू दिली, सायकल लांबून दाखवली आणि शेवटी म्हणाले, “विकायची नाहीये. किती जण येतात ते बघत होतो.” तुम्ही सदतिसावे, हेही सांगितले. याउलट एका तरुणाने स्वतःहून फोन करून 27 इंची चाकांची रेसर मला चार हजारांत देऊ केली होती. बाजारात सर्रास मिळणारा 700 या मापाचा टायर तिला बसत नाही, कारण रिमच्या व्यासात आठ मिलिमीटरचा फरक असतो, हे मला टायर विकत घेऊन झाल्यावर समजले. सुदैवाने सायकल घ्यायची राहिली होती.

अखेर मिळाली ती हिरवी, 28 इंची चाकांची, सळयांच्या ब्रेकची आणि तीन गिअरांची सायकल. हे गिअर मागच्या चाकाच्या हबमध्ये, डब्यात लाडू ठेवावेत तसे बंदिस्त असतात. “ब्रिटिशकालीन आहे,” मालक म्हणाले. मी खिशातून पेट्रोलचा बोळा काढला आणि हबवर साठलेली ग्रीसची पुटे पुसू लागलो. स्टर्मी-आर्चर या इंग्रजी कंपनीच्या अशा हबवर कारखान्याने वर्ष आणि महिना ठोकलेला असतो. काळ्या थराखालून आधी अक्षरे उमटली, मग 53 आणि बाजूला 9. सप्टेंबर 1953. मी विजयी मुद्रेने वर पाहिले.

“मग सावकाश गेला असेल इंग्रज,” मालक म्हणाले आणि सात हजारांवरून सहावर आले.

घरी मी किंमत तीन हजार सांगितली.

आमच्या चौकातल्या मिस्त्रींनी सायकल एका हाताने उचलायचा प्रयत्न केला, मग दोन्ही हातांनी उचलली आणि मला म्हणाले, “वीस किलो तरी आहे. चालवायची आहे का पूजेला ठेवायची आहे?” पँडलच्या दांड्या ज्या कॉटर पिनांनी आसाला जखडलेल्या असतात, त्यांतली एक झिजून गेली होती. मिस्त्रींनी नवी पिन कानशीवर दोनदा ओढली, छिद्रात घालून पाहिली, बाहेर काढली, तिच्या सपाट बाजूवर फुंकर मारली आणि पुन्हा एकदाच, अगदी हलक्या हाताने, ओढली. ही बाजू केसभर जास्त घासली गेली, तर एक पँडल बाराला उभे राहते तेव्हा दुसरे सहाऐवजी पाचला लटकते. मग दांडीखाली लोखंडी पहार टेकवून त्यांनी हातोडीचे चार नेमके घाव घातले. या कामाचे त्यांनी तीस रुपये घेतले. या संपूर्ण प्रकरणात पुरेपूर वसूल झालेली रक्कम तेवढीच. मागे मोठे दातेरी चक्र घालून त्यांनी चढासाठी गिअर हलका करून दिला आणि खारकेसारख्या सुकलेल्या चामड्याच्या सीटकडे मात्र नुसते पाहून घेतले. टायर, छर्रे, आरे, दिवे, चमकणारे जाकीट असे करत सगळा आकडा 14,350 वर गेला. घरी तो साडेपाच हजारांपर्यंत पोचला आहे. उरलेले सत्य मी हप्त्यांनी सांगत आहे.

ती 200 किलोमीटरची ब्रेव्हे मी 14 तास 10 मिनिटांत पूर्ण केली, म्हणजे नियमाप्रमाणे केली नाही. या हबमध्ये दुसऱ्या आणि तिसऱ्या गिअरच्या मधे एक चौथा, कुठेही न लिहिलेला गिअर असतो. वायर जरा ढिली झाली की सायकल त्यात जाते, पँडल पोकळ फिरते आणि स्वार सीटवर ज्या पद्धतीने आदळतो ती लेखी मांडण्यासारखी नाही. हे तीनदा झाल्यावर, खंबाटकी घाट समोर दिसू लागला असता, मी एका चहाच्या टपरीवर थांबलो. तिथे एक आजोबा आपल्या सायकलीच्या कॅरिअरवर गवताचा भारा आवळत होते. त्यांनी माझी सायकल निरखली, टायर दाबून पाहिला आणि तो प्रश्न विचारला, जो मी दोन महिने चुकवत आलो होतो.

“केवढ्याला पडली वो?”

अनोळखी माणसाशी खोटे बोलण्याचे त्राण उरले नव्हते. “चौदा हजार तीनशे पन्नास,” मी म्हणालो.

आजोबा बराच वेळ गप्प राहिले. त्यांनी माझ्या सायकलीकडे पाहिले, मग स्वतःच्या सायकलीकडे पाहिले आणि आवळत आणलेली दोरी सैल सोडली.

“ही घ्या,” ते म्हणाले. “बारा हजारात देतो. वर घंटी हाय.”

मी सवयीने तिच्या हबपाशी उकिडवा बसलो आणि विचारले, “साल कोणते?”

“तुमाला कंचं पायजे?”